तीस हजार डॉलरांत वेगवान बोट

मिशिगनमधल्या लेक सेंट क्लेअरच्या काठी ऑक्टोबर लागला की मरिनांच्या आवारात ट्रेलरवर चढवलेल्या बोटींच्या रांगा लागतात आणि त्यांतल्या कित्येकींच्या काचेवर 'विकणे आहे' अशी पाटी असते. लांब टोकदार नाक, बुटकी काच, मागच्या झाकणाखाली एक किंवा दोन व्ही-८ इंजिनं. फॉर्म्युला, बाहा, डॉन्झी, फाउंटन, वेलक्राफ्टची स्कॅरब. नव्या असताना बड्या आसामींनाच परवडणाऱ्या या बोटी वीस-तीस वर्षांनी एखाद्या बऱ्यापैकी मोटारीच्या भावात मिळतात. डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांमुळे या भागात मराठी इंजिनिअरांची जुनी आणि मोठी वस्ती आहे. बिग ब्लॉक, म्हणजे मोठ्या व्ही-८ इंजिनाचा घुमारा ऐकून ज्यांचे पाय थबकतात अशी माणसं त्यांत पुष्कळ आहेत, आणि 'घ्यावी का एक?' हा प्रश्न त्यांच्यात दर उन्हाळ्यात निघतो. उत्तरंही अनेक मिळतात आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. हाताशी तीस हजार डॉलर आहेत असं धरून त्या उत्तरांची छाननी करायची आहे.

आधी स्वस्ताईचं कारण समजून घ्यायला हवं. २००८ मध्ये पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं, पाठोपाठ मंदी आली आणि हौसेच्या वस्तूंचा बाजार बसला. नॉर्थ कॅरोलायनातल्या फाउंटन कंपनीला २००९ मध्ये दिवाळखोरीचं संरक्षण घ्यावं लागलं. बाजार सावरला तोवर गिऱ्हाइकाची आवड बदलली होती. मर्क्युरी कंपनीची व्हेराडो इंजिनं २००४ पासून आली आणि आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या पाठीला बाहेरून टांगलेली इंजिनं, शांत, भरवशाची आणि ताकदवान होत गेली. २०२१ मध्ये तर मर्क्युरीने ६०० अश्वशक्तीचं व्ही-१२ आउटबोर्ड काढलं. पैसेवाला गिऱ्हाईक चार-चार आउटबोर्ड लावलेल्या सेंटर कन्सोल बोटींकडे वळला. इंजिन पोटात आणि ड्राइव्ह शेपटीला अशा जुन्या घडणीच्या स्टर्नड्राइव्ह बोटी मागे राहिल्या. त्यांच्यात खोट निघाली म्हणून भाव उतरला असं नाही. मागणी दुसरीकडे गेली.

इथेच नवख्याची फसगत होते. बोटीचा भाव उतरला तरी तिच्या इंजिनाचा, ड्राइव्हचा, मेकॅनिकच्या तासाचा आणि पेट्रोलचा भाव उतरत नाही. बोटवाल्यांत एक ठोकताळा चालतो: वर्षाला खरेदीच्या किमतीच्या दहा टक्के खर्च धरावा. नव्या बोटीला तो कदाचित लागू पडेल. जुन्या वेगवान बोटीला तो लावणं ही या विषयातली सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, असं माझं ठाम मत आहे. पंचवीस हजारांच्या बोटीला वर्षाला अडीच हजार हे गणित हिवाळ्यातली जागा, विमा आणि पेट्रोल यांतच संपतं. दुरुस्ती अजून सुरूही झालेली नसते. बोट जुनी झाली तरी तिचा खर्च तिच्या नवेपणीच्या किमतीला धरूनच चालतो. तेव्हा तीस हजार असतील तर बोट वीस-बावीस हजारांची बघावी आणि उरलेली रक्कम पहिल्याच वर्षी तिच्यावर लागणार आहे असं समजून बाजूला ठेवावी. पुढचं सगळं विवेचन याच हिशोबाला धरून आहे.

मग एवढ्या जुन्या बोटीत घेण्यासारखं काय आहे? तिचा तळ. रे हंट या अमेरिकी रचनाकाराने मांडलेला 'डीप-व्ही' तळ १९६० च्या मायामी-नासाऊ शर्यतीत गाजला. खवळलेल्या समुद्रात डिक बर्ट्रमची या तळाची 'मोपी' सगळ्यांना मागे टाकून पहिली आली. तळाच्या दोन्ही बाजू मध्यरेषेपासून सुमारे २४ अंशांनी वर चढतात आणि हा कोन मागच्या टोकापर्यंत जवळजवळ तसाच राहतो, त्यामुळे बोट लाटेवर आदळत नाही, लाट कापते. पुढच्या दहा वर्षांत डॉन ॲरोनो या धडाडीच्या माणसाने मायामीत याच तळावर फॉर्म्युला, डॉन्झी, मॅग्नम आणि सिगारेट अशा एकामागून एक कंपन्या उभ्या केल्या. ३ फेब्रुवारी १९८७ रोजी या कंपन्या जिथे होत्या त्याच गल्लीत, जिला सगळे 'थंडरबोट रो' म्हणत, त्याचा गोळ्या घालून खून झाला. 'मायामी व्हाइस' मालिकेने स्कॅरब घराघरांत पोचवली तीही त्याच काळात. आजच्या जुन्या बाजारातल्या बहुतेक बोटी या घराण्यातल्या आहेत. तळाचा आकार म्हातारा होत नाही, म्हणून १९९० ची चांगली राखलेली फॉर्म्युला आजही लाटेवर तशीच चालते.

सेंट क्लेअरवर तर हा गुण रोज लागतो. हे सरोवर सुमारे ४३० चौरस मैलांचं, पण सरासरी खोली जेमतेम अकरा फूट. उथळ पाण्यावर वारा सुटला की लाटा आखूड आणि उभ्या येतात आणि सपाट तळाची बोट हाडं खिळखिळी करते. याच पाण्याच्या वरच्या अंगाला, अल्गोनॅक गावी, क्रिस-क्राफ्ट कंपनी वाढली आणि गार वुडने 'मिस अमेरिका' मालिकेतल्या शर्यतीच्या बोटी बांधल्या. वेगवान बोटींची इथली परंपरा फ्लोरिडाहूनही जुनी आहे. त्यामुळे इथे जाणते मेकॅनिक आहेत, सुटे भाग आहेत आणि जुन्या बोटी जीव लावून सांभाळणारी माणसंही आहेत. पहिली बोट घेणाऱ्याला याचा मोठा आधार होतो.

आता मतभेद. सगळ्यात जुना वाद एक इंजिन की दोन, हा. दोन इंजिनांच्या बाजूचे म्हणतात, तीस हजारांत तीस फुटी, जोड इंजिनांची बोट मिळत असताना चोवीस फुटी का घ्यायची? एक इंजिन बंद पडलं तर दुसऱ्यावर घरी येता येतं, धक्क्याला लावताना दोन इंजिनांवर वळवणं सोपं जातं, वेगही जास्त. यातला प्रत्येक मुद्दा खरा आहे. पण बाजारात जोड इंजिनांच्या बोटी लांबीच्या मानाने स्वस्त का पडून आहेत, याचं उत्तर त्यांत येत नाही. दोन इंजिनं म्हणजे दोन ड्राइव्ह, दोन जोड एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, पाण्याच्या पंपातले दोन इम्पेलर, सोळा प्लग आणि दोन वेळा मजुरी. पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात असताना दर दहा अश्वशक्तीमागे तासाला साधारण एक गॅलन पितं. ४२५ अश्वशक्तीचं एक इंजिन म्हणजे तासाला चाळीस गॅलनच्या घरात, दीडशे लिटर. दोन असतील तर दुप्पट. पूर्ण जोरात कोणी तासभर चालवत नाही हे कबूल, पण मध्यम चालीतही प्रमाण तेच राहतं. रुंदीचा प्रश्न वेगळाच: साडेआठ फुटांपेक्षा रुंद बोट रस्त्यावरून ओढायला सहसा परवाना लागतो. चोवीस-सव्वीस फुटी, एका बिग ब्लॉक इंजिनाची बोट त्या मापात बसते आणि दणकट पिकअपमागे घरी नेता येते. घराच्या आवारात उभी राहणारी बोट मरिनाचं भाडं वाचवते आणि हिवाळ्यात हाताखाली राहते. मोजक्या पैशाच्या माणसाने एकच इंजिन घ्यावं. यावर मला फारशी चर्चाही करावीशी वाटत नाही.

दुसरा पंथ म्हणतो, तळ चांगला पण इंजिन गेलेलं अशी बोट सात-आठ हजारांत उचलायची आणि नवं इंजिन बसवायचं. ज्याच्याकडे गॅरेज, हत्यारं, हात आणि दोन मोकळे हिवाळे आहेत, त्याला हे जमतं. बाकीच्यांचा हिशोब असा होतो: नवं बिग ब्लॉक इंजिन वीस हजार डॉलरांच्या पुढे, त्यावर ड्राइव्ह, वायरिंग, मजुरी. चाळीस हजार घालून झाल्यावर हातात राहते ती पंचवीस हजारांना विकली जाणारी बोट. ज्याने हे सगळं आधीच केलं आहे आणि आता विकायला काढतो आहे, त्याची बोट शोधावी. पावत्या असतील तर दुसऱ्याच्या त्या खर्चातला मोठा वाटा आपल्याला फुकट मिळतो.

पण तळ चांगला हे ओळखायचं कसं? या बोटी फायबरग्लासच्या म्हणवतात, तरी त्यांच्या पोटात लाकूड आहे. पाठीची सपाट उभी भिंत, तिला ट्रान्सम म्हणतात, आणि तळातून लांबीभर जाणारे आधाराचे पट्टे, म्हणजे स्ट्रिंगर, हे त्या काळच्या बहुतेक बोटींत फायबरग्लासमध्ये गुंडाळलेल्या प्लायवुडचे असत. कोणीतरी ट्रान्समला भोक पाडून शिडी किंवा वेगमापक बसवतो, सीलंट नीट लावत नाही, आणि त्या स्क्रूच्या वाटेने पाणी वर्षानुवर्षं आत झिरपतं. वरचा रंग आरशासारखा चकाकत असतो आणि आतलं लाकूड भुसा झालेलं असतं. तीच भिंत ड्राइव्ह पेलते आणि इंजिनाचा सगळा रेटा सोसते.

तपासणी साधी आहे आणि ती खरेदीदाराने स्वतः करावी. प्लास्टिकची हातोडी घेऊन ट्रान्समवर चार-चार बोटांच्या अंतराने ठोकत जावं. सुकं लाकूड टणक, चढा आवाज देतं. ओलं किंवा कुजलेलं बद्द वाजतं. विशेषतः ड्राइव्हभोवती आणि तळाकडच्या बाहेर जाणाऱ्या भोकांभोवती कान देऊन ऐकावं. मग ड्राइव्ह वर उचलून त्याच्या टोकावर अंगाचा भार द्यावा आणि दुसऱ्याला भिंतीकडे पाहायला सांगावं. भिंत किंचितही हलली किंवा ड्राइव्हच्या कडेशी फट उघडली, तर पुढे बोलणी नकोत. आतल्या बाजूने, मालकाच्या परवानगीने, खालचा एखादा छोटा स्क्रू काढून बघावा. भोकातून तपकिरी पाणी ओघळलं किंवा स्क्रूच्या आट्यांत काळा लगदा आला तर उत्तर मिळालं. ट्रान्सम नवा करायचा तर इंजिन बाहेर काढावं लागतं आणि खर्च हजारोंत जातो. इंजिन बदलता येतं, रंग बदलता येतो. म्हणून ही तपासणी आधी आणि इंजिनाचा आवाज नंतर. बहुतेक लोक उलट करतात, कारण आवाज मोह घालतो.

गोडं पाणी की खारं, याबद्दल सगळे एका सुरात बोलतात: गोड्या पाण्यातली बोट घ्या. मलाही ते मान्य आहे, पण अर्धंच. समुद्राच्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि त्यावरचे रायझर आतून खात जातात. पाच-सात वर्षांत ते बदलावेच लागतात, नाहीतर पाणी थेट सिलिंडरमध्ये उतरतं. ग्रेट लेक्सच्या बोटी यातून सुटतात. पण इथला शत्रू थंडी आहे. हिवाळ्याआधी इंजिनातलं पाणी नीट काढलं नाही तर ते गोठून फुगतं आणि बीडाचा ब्लॉक तडकतो. विक्रेता ती चीर इपॉक्सीने बुजवून वर रंग मारू शकतो. म्हणून टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन मॅनिफोल्डच्या खाली, ब्लॉकच्या कुशीला नीट बघावं. आडवी, केसासारखी गंजाची रेघ दिसते का? बाकी इंजिन जुनाट आणि तेवढाच पट्टा ताज्या रंगाचा आहे का? तेलाची कांडी काढून बघावी. तेल दुधाळ असेल तर पाणी मिसळलं आहे. आणि 'मिशिगनची बोट' या दोन शब्दांवर भुलू नये, कारण बोट ट्रेलरवरून कुठूनही येते. चक्रीवादळात बुडालेली बोटही साफसूफ होऊन उत्तरेत विकायला येऊ शकते.

किती तास चालली, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि डॅशबोर्डवरच्या मीटरचा आकडा लिहून घेतो. तो मीटर बदलता येतो. फ्युएल इंजेक्शनच्या नव्या इंजिनांत खरा आकडा संगणकात असतो. मेकॅनिक तो वाचू शकतो, आणि एवढे तास कोणत्या आरपीएमला गेले तेही. कार्ब्युरेटरच्या जुन्या इंजिनाला हा साक्षीदार नाही. तिथे कॉम्प्रेशन चाचणी बोलते: आठही सिलिंडरांचे आकडे दहा-पंधरा टक्क्यांच्या आत जुळले पाहिजेत. वीस वर्षांत फक्त दोनशे तास, ही जाहिरात मला आकर्षक वाटत नाही. न चाललेल्या इंजिनाची सील सुकतात, टाकीतलं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी धरतं, सिलिंडरना गंज चढतो. दरवर्षी चाळीस-पन्नास तास चाललेली आणि प्रत्येक वर्षाची पावती असलेली बोट बरी.

सुपरचार्जर बसवून ताकद वाढवलेल्या इंजिनांपासून मात्र दूर राहावं. मर्क्रुझरचं ७.४ लिटरचं ४५४ मॅग्नम, ८.२ लिटरचं ५०२ किंवा २००१ नंतरचं ८.१ लिटरचं ४९६ ही कंपनीने बांधली तशीच ठेवली तर हजार तासांकडे जाऊ शकतात. ताणलेली इंजिनं काही शे तासांत उघडावी लागतात. ड्राइव्हचंही तसंच. हलक्या ताकदीसाठी असलेला अल्फा वन ड्राइव्ह बिग ब्लॉकच्या मागे टिकत नाही. तिथे ब्राव्हो वन हवा. ड्राइव्ह ट्रान्समला जिथे जोडला जातो तिथे रबरी भाते असतात. त्यांना बेलोज म्हणतात. त्यांच्या घड्या बोटांनी उघडून बघाव्यात. भेग असेल तर पाणी आधी बेअरिंगमध्ये जातं आणि मग बोटीत. धक्क्याला बांधलेली बोट रातोरात बुडण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. जुनी बोट हातात आली की बेलोज, गिम्बल बेअरिंग आणि इम्पेलर विचार न करता नवे घालावेत. आधी बाजूला ठेवलेल्या पैशांतला पहिला हप्ता हाच.

बोट तपासून अहवाल देणारा सर्व्हेयर लावावा का? 'एवढ्या स्वस्त बोटीला कशाला' असं म्हणणारे बरेच भेटतात. सर्व्हेयर फुटाला वीस-पंचवीस डॉलर घेतो. पंचवीस फुटी बोटीला सहाशेच्या आसपास. इंजिनाची तपासणी वेगळ्या मेकॅनिककडून करावी लागते. बोट जितकी स्वस्त तितका हा खर्च जास्त राखतो, कारण वीस हजारांच्या बोटीतला पंधरा हजारांचा दोष खरेदीदाराला आडवा करतो. सर्व्हेयर मान्यताप्राप्त संघटनेचा असावा आणि आपण निवडलेला असावा, विक्रेत्याने सुचवलेला नव्हे.

पाण्यावरची चाचणी हा सगळ्यात आनंदाचा भाग आणि सगळ्यात धोक्याचाही. इंजिन थंड असतानाच जावं. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी यावं. इंजिनाच्या कप्प्यातली हवा बाहेर काढणारा ब्लोअर चार मिनिटं चालवून मगच किल्ली फिरवावी, कारण पोटात साचलेली पेट्रोलची वाफ स्फोट करते. पूर्ण जोरात ४५४ किंवा ५०२ मॅग्नमने ४६०० ते ५००० आरपीएमच्या पट्ट्यात यायला हवं. ४२०० ला अडकलं तर प्रॉपेलर चुकीचा आहे किंवा इंजिन थकलं आहे. वेग वाढल्यावर बोट डावी-उजवीकडे झोके घ्यायला लागते, त्याला चाइन वॉक म्हणतात. डीप-व्हीचा तो स्वभाव आहे. अनुभवी माणूस सुकाणूच्या बारीक हालचालींनी तो आवरतो. नवख्याने सरळ जोर कमी करावा. तळाला पायऱ्या असलेल्या बोटी जास्त वेगवान असतात, पण भर वेगात वळवताना त्यांची पाठ निसटू शकते. पहिली बोट पायऱ्यांची नसावी.

आणि चाचणी मोकळ्या पाण्यावरच व्हावी. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत गेटवेहून एलिफंटाकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर, इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट आदळली आणि डझनाहून अधिक माणसं गेली. इंजिनाची परीक्षा घ्यायची ती इतरांच्या वाटेपासून दूर, हे त्या दुपारनंतर मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. लाइफ जॅकेट अंगात, आणि इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याला बांधलेली. २६ फुटांखालच्या बहुतेक बोटींना अमेरिकेत ही दोरी १ एप्रिल २०२१ पासून कायद्यानेच सक्तीची आहे. मोठ्या बोटीत सक्ती नसली तरी ती बांधावी. चालक बाहेर फेकला गेला तर मोकळी बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते.

कागदपत्रांत फार वेळ घालवायला नको, पण पाठीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यातला बारा अक्षरांचा क्रमांक टायटलशी, म्हणजे मालकीच्या दाखल्याशी, ताडून पाहायलाच हवा. ऑगस्ट १९८४ नंतरच्या बोटींत त्याची शेवटची चार चिन्हं वय सांगतात: जी७८८ असेल तर जुलै १९८७ मध्ये बांधायला घेतलेली, १९८८ च्या मॉडेलची. मिशिगनमध्ये आत इंजिन बसवलेल्या बोटीला टायटल लागतंच. त्यावर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय पैसे देऊ नयेत. विक्रीकर सहा टक्के, तो हिशोबात धरावा.

ट्रेलर विसरला जातो. टायरच्या कडेवरचे चार आकडे बघावेत. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी जुना टायर हायवेवर फुटतो. ब्रेक चालतात का आणि चाकांची बेअरिंग गरम होतात का, हे दहा मैल ओढून बघितल्यावर कळतं.

विमा सगळ्यांत शेवटी काढण्याची पद्धत आहे. मी तो सगळ्यांत आधी विचारावा म्हणतो. पुष्कळ कंपन्या ठरावीक वेगापलीकडच्या किंवा ठरावीक वयापलीकडच्या बोटीला हात लावत नाहीत. काही सर्व्हेचा अहवाल मागतात, काही चालकाचा अनुभव विचारतात आणि पहिलीच बोट सत्तर मैल वेगाची म्हटल्यावर नकार देतात. बोटीचं नाव, लांबी, साल आणि इंजिन एवढं कळलं की फोन करता येतो, आणि ठरलेली रक्कम देणारी पॉलिसी की घसारा कापून देणारी, हेही तेव्हाच विचारता येतं. फोनवर नकार मिळाला तर ती बोट यादीतून काढावी आणि पुढच्या बोटीची चौकशी करावी. ऑक्टोबर ते मार्च बाजारात गिऱ्हाईक कमी असतं, विक्रेत्याला हिवाळ्याची जागा आणि पुढचा हप्ता दिसत असतो, आणि घासाघीस करायला वेळ भरपूर मिळतो. थंडीत पाण्यावरची चाचणी घेता येत नाही; म्हणून सौदा लेखी करावा, थोडी अनामत द्यावी, आणि उरलेले पैसे वसंतात बोट पाण्यावर पळाल्यावर, अशी अट घालावी. ज्याची बोट खरोखर चांगली आहे तो विक्रेता ही अट सहसा मान्य करतो.